पेन्सिल बाजूला ठेव

माझ्याकडं जुने फोटो दुरुस्तीला आणणारे लोक फोटो कमी आणि फर्माइशी जास्त आणतात. आजोबांचा फोटो वाळवीनं निम्मा खाल्लेला असतो, पण त्याची काळजी नंतर. आधी विचारतात, "रंग थोडा उजळ होईल ना?" मग आजीच्या गळ्यात एखादा हार हवा असतो, नाकात हिऱ्याच्या चमक्या हव्या असतात. एकानं तर वडिलांना कोट घालायला सांगितलं. ज्या माणसानं जन्मभर उघड्या अंगावर उपरणं टाकून कालव्याच्या पाण्यावरून भांडणं केली, त्याला मेल्यावर कोट! मी म्हटलं, "घालते की. आधी त्यांना विचारून या." ते गृहस्थ फोटो उचलून गेले ते परत आले नाहीत. गेले तर गेले. मी नुकसान दुरुस्त करते, माणूस दुरुस्त करत नाही.

मी काही मूळची फोटोवाली नव्हे. तंजावूरच्या पाटबंधारे कचेरीत मी ड्राफ्ट्समन होते. बाईमाणूस असले तरी हुद्दा तोच. कालव्यांचे नकाशे शाईनं काढण्यात अर्धी नोकरी गेली आणि कॉम्प्युटरवर काढण्यात उरलेली अर्धी. निवृत्तीनंतर हात गप्प बसेनात, म्हणून स्कॅनर घेतला, पेननं चित्र काढता येतं ती पाटी घेतली आणि फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर धडपडत शिकले. नकाशाची शिस्त मात्र अंगातून गेली नाही. कालवा जिथं वाकतो तिथं तो वाकडाच काढायचा. कागदावर सरळ केला म्हणून पाणी सरळ जात नाही.

शिवाय माझी स्वतःची एक जुनी चीड आहे. माझ्या हनुवटीवर लहानपणापासून कोड आहे. चिंचेच्या पानाएवढं होतं, आता खालच्या ओठापर्यंत चढलंय. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ते शोधून सापडणार नाही. स्टुडिओवाल्यानं कुणाला न विचारता प्रत्येक फोटोवर रंगाचा हात फिरवला आणि वर मोठ्या मनानं सांगितलं, हे आमच्याकडून. घरचे सगळे खूश झाले. मी अल्बम उघडते तेव्हा माझ्या नवऱ्याशेजारी कुणी भलतीच बाई बसलेली असते. तिचं लग्न झालं, माझं राहिलंच.

तर अशा बाईला आतेभावानं चेन्नईहून फोन केला. त्याला साठ वर्षं पूर्ण होत होती. साठी झाली की नवरा-बायकोनं पुन्हा लग्नाला उभं राहायचं, गळ्यात पुन्हा हार घालायचे, हा इकडचा रिवाज; आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेले मराठी लोकही तो तमिळ शेजाऱ्यांच्या थाटात करतो. हॉल तंजावुरातलाच ठरला होता. गेटवर मोठा फ्लेक्स लागणार होता आणि त्यावर वरच्या ओळीत घरातली गेलेली वडीलधारी मंडळी. "आजीचा एकच फोटो आहे, पापनाशमला, अम्माकडं," तो म्हणाला. "फार खराब झालाय. तेवढा नीट करून दे, अक्का." त्याची अम्मा म्हणजे माझी अत्या, आणि ती आजी म्हणजे अत्याची आई, माझ्या वडिलांचीही आई. मी फार लहान असताना ती गेली. मला तिच्या लुगड्याला येणारा कॉफीचा वास आठवतो, चेहरा आठवत नाही. आतेभावानं तर तिला पाहिलंच नाही.

फोटो पाठवून दे म्हटलं तर अत्या फोनवर ओरडलीच, "माझ्या आईस पोस्टात टाकू का गे?" ऐंशी ओलांडलेली ही बाई पापनाशमहून एकटी रेल्वेनं आली. फ्रेम टॉवेलात गुंडाळून मांडीवर, आणि शेजारच्या सीटवर दुसऱ्या कुणाला टेकू दिलं नाही म्हणे. घरात आल्यावर पाणीसुद्धा न पिता तिनं टॉवेल सोडला.

पापनाशमच्या घराच्या ज्या भिंतीवर तो फोटो होता, तिच्यात पावसाळाभर पाणी मुरायचं. फोटो काचेला चिकटून बसला होता. पाठीमागून वाळवी शिरली होती आणि आजीचा डावा गाल कानापासून ओठाच्या टोकापर्यंत खाऊन मोकळी झाली होती. जे उरलं होतं त्यावर बुरशीचे ठिपके, कपाळावर, साडीवर, मागच्या पडद्यावर, सगळीकडं. दोन डोळे तेवढे शाबूत होते, आणि ते सरळ आमच्याकडं बघत होते.

"किती वर्षं मी हिला आठवून आठवून पाहते," अत्या म्हणाली. "आता आठवणेही पुसट होतंय गे. मी जायच्या आधी आईचं तोंड मला एकदा पाहू दे. दुसरं काही मागत नाही."

मग तिनं त्या फोटोची हकीकत सांगितली. आमच्या घरात ती कुणालाच धड माहीत नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती.

आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. दोन भावंडं गेली, ही वाचली, पण तोंडभर वण राहिले. लग्नाच्या वयाची झाली तेव्हा तिच्या वडिलांनी तंजावूरच्या स्टुडिओत तिचा फोटो काढवला. त्या काळचे स्टुडिओवाले काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्याचे डाग घालवायचे. तशी पेन्सिल फिरली आणि गुळगुळीत मुलीचा फोटो पापनाशमला सासरी पोचला. मुलगी तेव्हा मामाकडं तिरुचीला, त्यामुळं फोटोवरच पसंती झाली. लग्नाच्या सकाळी सासूनं तिचं तोंड पाहिलं आणि भर मांडवात म्हणाली, फोटो एकीचा आणि पोरगी दुसरी. लग्न मोडलं नाही, तसं ते वाक्यही मोडलं नाही. जन्मभर कुठं काही बिनसलं की सासूचं तेच, फोटो एकीचा आणि पोरगी दुसरी. जणू पेन्सिल तिनंच फिरवली होती.

अत्या दोन-तीन वर्षांची झाली तेव्हा आजी त्याच स्टुडिओत गेली, स्वतःहून, नवऱ्याला सांगून, सासूला न विचारता. खुर्ची खिडकीपाशी ओढून घेतली, एका बाजूनं ऊन तोंडावर येईल अशी. आणि फोटोवाल्याला म्हणाली, "पेन्सिल बाजूला ठेव. हा फोटो माझ्या लेकीस आहे. तिला मी ठाऊक आहे."

हे ऐकल्यावर मी त्या फोटोला हात लावायला घाबरले, हे खरं. पण घाबरून काय करणार? काम तर करायचंच होतं.

काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नये, चेहरा काचेवरच राहतो. मी तो काचेसकट स्कॅन केला. पडद्यावर मोठा करून पाहिला तेव्हा खरी पंचाईत कळली. ठिपकेच ठिपके. यातले बुरशीचे कुठले आणि देवीचे कुठले? सॉफ्टवेअरला विचारलं तर ते सगळेच पुसायला निघालं. त्याच्या मते स्वच्छ गाल हाच गाल. मी त्याला गप्प बसवलं आणि पाटबंधाऱ्याच्या नजरेनं पाहायला लागले. खड्डा असेल तर त्याला दोन काठ असतात. ऊन एका बाजूनं येतंय, म्हणजे जवळचा काठ सावलीत आणि पलीकडचा उजळ. आजीनं खुर्ची खिडकीपाशी ओढली होती ना, त्या उन्हानं प्रत्येक वणाला त्याची सावली देऊन ठेवली होती. बुरशीला सावली नाही. ती सपाट, आणि तिला हद्दही कळत नाही. गालावरून निघते आणि खुशाल पडद्यावर जाते. मी एकेक ठिपका मोठा करून तपासत गेले. सावली नसेल तर पुसायचा, सावली असेल तर त्याच्या वाटेला जायचं नाही. डोळ्यांतून पाणी यायचं, मान धरायची, अत्याचा पापनाशमहून रोज फोन यायचा, "कोठवर आली गे?" जणू आजी बसनं येत होती.

उजवा गाल आला. कपाळ आलं. नाकाच्या दोन्ही चमक्या आल्या. डाव्या गालाच्या जागी तेवढं भोक होतं.

इतक्यात आतेभावाला धीर धरवला नाही. अत्या फोटो घेऊन निघाली त्या सकाळी त्यानं मोबाइलवर फ्रेमचा एक फोटो मागवून ठेवला होता. तो त्यानं कुठल्याशा ॲपमध्ये टाकला आणि जे बाहेर आलं ते नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवलं. गाल साबणाच्या नव्या वडीसारखे. रंग गोरा. जिथं वाळवीनं खाल्लं होतं तिथं ॲपनं कुणाचा तरी गाल आणून बसवला होता. आणि नाकातली एक चमकी गायब, कारण त्या शहाण्याला तीही बुरशीच वाटली. ग्रुपवर हृदयांचा आणि नमस्कारांचा पाऊस. आमच्यात देवनागरी फारसं कुणाला येत नाही, तेव्हा इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत एकीनं लिहिलं, आजी किती सुंदर होती! होती म्हणे. जिला यांच्यापैकी कुणी पाहिलं नाही, तिचं सौंदर्य यांना मोबाइलवर समजलं.

आतेभावाचा लगेच फोन. "पाहिलंस, अक्का? एका मिनिटात झालं. तू इतके दिवस काय करत बसलीस?"

"ही कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? आजी."

"आजीच्या तोंडावर वण होते."

"तेच तर गेले ना! फोटोवर नुसते डाग होते."

"डाग फोटोवर होते. वण आजीवर होते."

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "अक्का, प्लीज. फ्लेक्सवर तोंड केवढं मोठं होतं ठाऊक आहे? वण बशीएवढे दिसतील. सुनेच्या माहेरचे येणार. विचारतील, काय आजार होता म्हणून."

"विचारू देत. सांग, देवी आली होती. दोन भावंडांना घेऊन गेली, हिला न्यायला तिला जमलं नाही."

"तुला प्रत्येक गोष्टीत भांडण कशाला हवं?"

"कारण तुम्ही प्रत्येक गोष्ट धुऊन काढता म्हणून," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मला राग आजीसाठी आला होता की माझ्या हनुवटीसाठी, तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगते, दोन्हींसाठी.

पण डाव्या गालाचं काय करायचं? त्या ॲपला मी शिव्या दिल्या होत्या, आणि मीही तिथं मनानंच काही भरणार असेन तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय? उजव्या गालाचे वण उलटे करून डावीकडं चिकटवता आले असते. कुणाला कळलंही नसतं. मी अत्याला बोलावून घेतलं.

अत्या आली. पडद्यावर अर्धी आई पाहून जवळ सरकली. मग म्हणाली, "येथे एक मोठा होता. असक्यांत, सगळ्यांत मोठा. गालाच्या हाडाखाली. मला मांडीवर घेऊन भात भरवायची ना, तेव्हा मी त्यात बोट घालून बसायची. बोटाचं टोक बरोबर बसायचं. आई म्हणायची, ही तुझी जागा."

मी तिनं सांगितलं तिथं एक खड्डा काढला. ती म्हणाली नव्हे, वर. वर नेला. नव्हे, आत. आत नेला. नव्हेच. तिला रडू यायला लागलं. "माझं बोट विसरलं गे," म्हणाली.

मग तीच एकदम उठली. "मला खाली बसव."

"अत्या, गुडघे!"

"गुडघ्यांना ठेव बाजूला. मी खालून पाहत होते. मांडीवरून. येथून उभ्यानं कसं सापडेल?"

तिला धरून मी जमिनीवर बसवलं. पडदा टेबलाच्या अगदी कडेला ओढला. अत्यानं मान वर केली, डोळे मिटले आणि उजवा हात उचलला. मांडीवरच्या मुलाचा उजवा हात आईच्या डाव्या गालावरच जातो. तिचं बोट थोडं चाचपडलं आणि पडद्यावर टेकलं. मी तिच्या बोटाभोवती पेननं खूण केली. ते बोट ती बराच वेळ काढेना.

त्या खुणेवर मी तो वण काढला. ऊन खिडकीकडचं, जवळचा काठ सावलीत, पलीकडचा उजळ, आणि तो गाल उजेडापासून लांबचा, म्हणून सगळंच जरा गडद. बाकीचे वण अत्या आठवतील तसे सांगत गेली, आठवले नाहीत तिथं मी गाल पुसटच सोडला. तिनं डोळे उघडून पाहिलं. पदर तोंडाला लावून बसली. मग म्हणाली, "आली."

मी तो फोटो आतेभावाला पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. मी मोठा प्रिंट काढला, चांगल्या फ्रेममध्ये घातला आणि ठरवून टाकलं, काय व्हायचं ते होऊ दे.

कार्याच्या दिवशी फ्रेम पिशवीत घेऊन मी अत्याबरोबर रिक्षातून हॉलवर उतरले. गेटवर केळीचे खांब, नादस्वरमचे सनईसारखे सूर, आणि वर फ्लेक्स. वरच्या ओळीत ॲपची ती गोरी बाई, एका चमकीची. खालच्या ओळीत आम्ही हयात मंडळी. मी आपली स्वतःला शोधायला गेले आणि जागीच थांबले. फ्लेक्सवाल्यानं माझीही हनुवटी धुऊन काढली होती. लग्नातली ती भलती बाई म्हातारी होऊन परत आली होती! मला हसू आलं आणि संतापही आला. पदर हनुवटीपर्यंत ओढायची माझी जुनी सवय, हात तिकडं गेलाही होता. तो मी खाली घेतला आणि तशीच आत गेले.

आत मांडवाशेजारी एका पाटावर गेलेल्या मंडळींचे फोटो मांडले होते. जोडप्यानं आधी त्यांना नमस्कार करायचा, मग आईला, मग विधी. त्यात तीच गुळगुळीत बाई, गळ्यात मोगऱ्याचा जाड हार. वाध्यारांनी, म्हणजे आमच्याकडच्या भटजींनी, आतेभावाला आणि त्याच्या बायकोला पुढं बोलावलं. अत्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"ही कोण?" तिनं मुलाला विचारलं.

"अम्मा, काय बोलतेस? तुझी आई."

"मी हिला ओळखत नाही," अत्या म्हणाली. आवाज मुद्दाम चढवला नव्हता, पण पुढच्या रांगांपर्यंत तो गेला. "पाहुणी असेल. तिला पंगतीला बसवा, पोटभर वाढा. हार माझ्या आईस घाला."

माझ्या पिशवीतून तिनंच फ्रेम काढली आणि पाटावर ठेवली. दुसऱ्या बाईच्या गळ्यातला हार काढून हिला घातला. मागून कुणीतरी कुजबुजलं. सुनेच्या माहेरच्या बायका माना उंचावून बघायला लागल्या. आतेभाव रेशमी धोतरात, गळ्यात हार, कपाळावर घाम, असा उभा होता. तो माझ्याकडं रागानं बघेल असं मला वाटलं होतं. तो फोटोकडं बघत होता. फ्लेक्सवरच्या बाईकडं त्यानं शंभरदा पाहिलं असेल, पण ती त्याच्याकडं कधी बघत नव्हती. ही बघत होती.

"हात दे," अत्या म्हणाली. साठ वर्षांच्या मुलाचं बोट तिनं धरलं आणि काचेवर डाव्या गालावर टेकवलं. "येथे मी बोट ठेवायची. ही माझी जागा. मी तुला दुसरं काही दाखवलं नाही तरी चालेल, हे दाखवायचं राहिलं होतं."

बोट त्यानं लगेच काढलं नाही.

अत्यानं कुंकवाची वाटी ओढली. विधवेनं मंगलकार्यात कुंकू हातात घ्यावं हे वाध्यारांना रुचलं नाही, ते काहीतरी म्हणायला गेले. तिनं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं आणि ते मंत्राकडं वळले. गेलेल्यांच्या फोटोला कपाळावर चंदन-कुंकू लावतात. तिनं आईच्या कपाळावर चंदन लावलं, त्यावर कुंकू लावलं. मग बोट पुन्हा कुंकवात बुडवलं आणि डाव्या गालावर, त्या वणावर, काचेवरून दाबून एक लाल टिळा लावला. मागं सरून तिनं तो नीट बसलाय का पाहिलं.

"आता पुसा म्हणावं," ती म्हणाली.